जपानी जाहिरातकला : रंजन, विक्रय आणि सचोटी

१

जपानी जाहिरातींविषयी परदेशी प्रेक्षक बोलू लागला की त्याच्या तोंडी 'विचित्र' हा शब्द हटकून येतो. एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत कुटुंबाचा पिता म्हणून एक पांढरा कुत्रा दाखविला जातो. तो माणसासारखा बोलतो, मुलांना रागावतो, आणि घरातील कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. डबाबंद कॉफीच्या जाहिरातीत टॉमी ली जोन्स हा अमेरिकन नट परग्रहावरून आलेला हेर होऊन जपानमध्ये मोलमजुरी करतो. अशा नमुन्यांचे संग्रह कौतुकाने केले जातात व 'जपानी लोकांचा स्वभावच तऱ्हेवाईक' असा निष्कर्ष काढून विषय संपविला जातो. परंतु स्वभावावर हवाला ठेवणे हे विवेचन नव्हे. या जाहिरातींना एक दीर्घ परंपरा आहे आणि त्या परंपरेचा ललितवाङ्मयाशी फार निकटचा संबंध आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांतील विचित्रतेचा उलगडा होत नाही.

या संबंधाचा विचार करताना आपल्या साहित्यशास्त्रातील एक विभागणी उपयोगी पडण्यासारखी आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्याची प्रयोजने सांगताना यशाबरोबर अर्थप्राप्तीचीही गणना केली आहे. तेव्हा पैशासाठी लिहिले म्हणून एखादे लेखन वाङ्मयाच्या कक्षेबाहेर जाते, असे निदान आपल्या परंपरेला तरी म्हणता यावयाचे नाही. त्याच विवेचनात उपदेशाचे तीन प्रकार येतात. वेद स्वामीप्रमाणे आज्ञा करतात, म्हणून तो प्रभुसंमित उपदेश. इतिहास-पुराणे मित्राप्रमाणे हिताहित समजावून देतात, म्हणून तो सुहृत्संमित. आणि काव्य प्रियेप्रमाणे रसाने मन वळवून घेते, म्हणून तो कांतासंमित. जाहिरात हाही एक प्रकारचा उपदेशच होय. 'हे घ्या' हे तिचे अखेरचे म्हणणे कधी बदलत नाही. बदलतो तो म्हणण्याचा प्रकार.

जपानी जाहिरातकलेने यांपैकी तिसरा प्रकार जितक्या सातत्याने जोपासला तितका क्वचितच कोठे जोपासला गेला असेल. पण मन वळविण्याचे हे सामर्थ्य जितके मोहक तितकेच धोक्याचे आहे. म्हणून या कलेचे मूल्यमापन करताना 'ती किती कल्पक आहे' एवढेच विचारून भागत नाही. 'आपण विकावयास आलो आहोत हे ती कबूल करते काय' हाही प्रश्न विचारावा लागतो. प्रस्तुत लेखात याच दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने या परंपरेचे काही टप्पे पाहावयाचे आहेत.

२

आजचे तोक्यो म्हणजे तोकुगावा राजवटीतील एदो. या शहरात मित्सुई ताकातोशी याचे 'एचिगोया' हे कापडाचे दुकान १६७३ मध्ये निघाले. (जपानी रिवाजाप्रमाणे या लेखात आडनाव प्रथम दिले आहे.) १६८३ मध्ये दुकानाचे स्थलांतर झाले तेव्हा त्याने शहरात पत्रके वाटली. रोख पैसे घेऊन एकाच ठरलेल्या भावाने माल मिळेल, ही त्यांतील मुख्य घोषणा होती. घासाघीस आणि उधारी यांवर चालणाऱ्या व्यापारात ही गोष्ट नवी होती. हे पत्रक म्हणजे सरळ सुहृत्संमित उपदेश होय. परंतु याच दुकानाने पुढे पाऊस आल्यावर गिऱ्हाइकांना दुकानाचे नाव व चिन्ह असलेल्या छत्र्या उसन्या देण्याची प्रथा पाडली. पावसाच्या दिवशी रस्ताभर एचिगोयाच्या छत्र्या दिसत आणि त्या काळच्या विनोदी कवनांतही त्यांचे उल्लेख येत. जाहिरातीने आधी काहीतरी द्यावे आणि मग मागावे, हे पुढील तीनशे वर्षांचे सूत्र या छत्रीत बीजरूपाने आढळते.

रंगभूमीवर हेच सूत्र दुसऱ्या रूपात दिसते. ओदावारा येथील 'उइरो' या औषधाने आपला आजार बरा झाला म्हणून दुसरा इचिकावा दान्जूरो या काबुकी नटाने कृतज्ञतेपोटी १७१८ मध्ये ते औषध विकणाऱ्या फेरीवाल्याची भूमिका रंगमंचावर आणली, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. औषधाचे गुण सांगता सांगता फेरीवाल्याची जीभ सैल सुटते आणि जिभेची कसोटी पाहणाऱ्या अवघड शब्दांचा धबधबा तो घडाघडा म्हणून दाखवितो. हा प्रवेश इचिकावा घराण्याच्या अठरा मान्यवर नाट्यांत जाऊन बसला, आणि आजही नट व निवेदक वाणी घोटून घेण्यासाठी ते भाषण पाठ करतात. औषधाची गरज कोणालाही असो वा नसो, जाहिरातीचे भाषण तेवढे कलाकृती म्हणून टिकले.

तथापि या काळातील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण हिरागा गेन्नाई याचे आहे. हा निसर्गशास्त्राचा अभ्यासक, विडंबनकार व नाटककार. १७६९ मध्ये 'सोसेकिको' नावाच्या दंतमंजनासाठी त्याने एक पत्रक लिहून दिले. पत्रक दुकानदाराच्या तोंडी आहे. प्रथम मंजनाचे नेहमीचे गुण सांगून होतात. आणि मग दुकानदार एकाएकी खरे बोलू लागतो. सारी दंतमंजने म्हणजे सुगंध घातलेली वाळूच असते, विक्रेते फक्त नावे बदलतात. आपल्या मंजनाचा गुण येतो की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. आपण पैशाच्या अडचणीत आहोत म्हणून हा उद्योग आरंभिला आहे, असे तो सांगतो.

या पत्रकाला केवळ विनोदी युक्ती समजणे योग्य होणार नाही. विक्रेत्याची नेहमीची भाषा अभिधेने गुण सांगते आणि वाचक ती ऐकून न ऐकल्यासारखी करतो. गेन्नाईने त्या भाषेचे पितळ स्वत:च उघडे पाडले. वाच्यार्थाने त्याने मालाची निंदा केली. पण 'जो माणूस इतके खरे बोलतो तो फसवावयाचा नाही' हा व्यंग्यार्थ वाचकाच्या मनात आपोआप उत्पन्न झाला. ही व्यंजना आहे, आणि ती विक्रीच्या कामी जुंपलेली आहे. सचोटी हेही एक विक्रीचे साधन होऊ शकते, हा या पत्रकातील पेच आहे. परंतु ते साधन वापरताना लेखकाने वाचकापासून काहीही दडविले नाही, हेही तितकेच खरे.

गेन्नाईनंतर अर्धशतकाच्या आत लेखक आणि विक्रेता या दोन भूमिका एकाच व्यक्तीत आल्या. शिकितेई सानबा या विनोदी कादंबरीकाराने १८११ मध्ये 'एदोचे पाणी' या नावाने चेहऱ्याला लावावयाचे एक द्रव्य विकावयास काढले आणि आपल्या 'उकियोबुरो' या सार्वजनिक स्नानगृहातील संभाषणांच्या कथेत पात्रांकडून त्याची चर्चा करविली. केइसाई एइसेन याच्यासारख्या चित्रकारांनी छापलेल्या सुंदरींच्या चित्रांत 'सेन्जोको' या पांढऱ्या भुकटीची पुडी दिसते. ही भुकटीही एका काबुकी नटाच्या टोपणनावावरून ओळखली जात असे. वाङ्मयात माल शिरण्याची क्रिया आधुनिक चित्रपटाने सुरू केली असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. मात्र गेन्नाईचे पत्रक 'मी पत्रक आहे' असे सांगत होते. सानबाची कथा तसे सांगत नव्हती. दोघेही कल्पकच, भेद आहे तो वाचकाशी असलेल्या व्यवहारात.

३

विसाव्या शतकात हा लेखक-विक्रेता कंपनीचा नोकर झाला. 'कोतोबुकिया' (म्हणजे पुढील काळातील 'सनतोरी') या मद्यनिर्मात्या संस्थेचा जाहिरात विभाग या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. तिने १९२२ मध्ये आपल्या गोड द्राक्षासवासाठी केलेले अर्धनग्न स्त्रीचे भित्तिपत्रक जपानी जाहिरातीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पण वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ तो युद्धोत्तर. या विभागात काइको ताकेशी व यामागुची हितोमी हे दोन लेखक आणि यानागिहारा र्‍योहेई हा चित्रकार एकत्र आले. काइकोला १९५८ मध्ये अकुतागावा पारितोषिक आणि यामागुचीला १९६३ मध्ये नाओकी पारितोषिक मिळाले. एकाच कचेरीत बसून व्हिस्कीच्या ओळी लिहिणाऱ्या दोघांनी देशातील दोन अग्रगण्य वाङ्मयीन सन्मान मिळवावेत, ही घटना लहान नव्हे. १९५६ मध्ये सुरू झालेले 'योशू तेन्गोकु' हे संस्थेचे नियतकालिक नावापुरतेच प्रचारपत्र होते. वाचक ते लेखांसाठी वाचीत.

१९५८ मध्ये यानागिहाराने रेखाटलेला 'अंकल टोरिस' हा ठेंगणा, मध्यमवयीन, कचेरीतून थकून परतणारा गृहस्थ त्या काळच्या पगारदार माणसाचे प्रतिरूप आहे. तो देखणा नाही आणि यशस्वीही नाही. व्हिस्की पिऊन आपण मोठे होऊ असे आश्वासन तो कोणाला देत नाही; संध्याकाळचा एक प्याला एवढीच त्याची मजल. १९६१ मध्ये यामागुचीने लिहिलेली प्रसिद्ध घोषणा टोरिस पिऊन हवाईला जाण्याचे आवाहन करते. तिचा अर्थ त्या काळाच्या संदर्भातच कळतो. सामान्य जपानी नागरिकाला केवळ पर्यटनासाठी परदेशी जाण्याची मोकळीक १९६४ पर्यंत नव्हती. म्हणून विजेत्यांना प्रत्यक्ष प्रवास नव्हे, तर प्रवासासाठी साठविलेल्या ठेवीची पावती बक्षीस म्हणून देण्यात आली. म्हणजे या घोषणेत व्हिस्कीची चव नाही, किंमत नाही, गुण नाही. आहे ती अप्राप्य गोष्टीची ओढ, आणि ती ओढ स्वस्त बाटलीच्या शेजारी ठेवल्याने निर्माण होणारा गोड विसंवाद. वाचक हसतो, आणि हसता हसता आपल्याच परिस्थितीकडे पाहतो. कांतासंमित रीतीचे इतके थोडक्यात उदाहरण मिळणे कठीण.

पुढील पिढीत ही परंपरा उलट दिशेनेही चालू राहिली. मुराकामी हारुकी याच्या अतिलघुकथांचा 'योरु नो कुमोझारु' हा संग्रह १९९५ मध्ये निघाला. त्यातील कथा मुळात कपड्यांच्या व फाउंटन पेनच्या जाहिरातमालिकांसाठी लिहिलेल्या होत्या. येथे जाहिरातीने कथेला केवळ जागा व मोबदला दिला. वाचकाला कथा मिळाली आणि कंपनीला तिच्या शेजारचे नाव. एचिगोयाची छत्री ती हीच.

४

जपानमधील पहिली दूरचित्रवाणी जाहिरात २८ ऑगस्ट १९५३ रोजी, 'निप्पॉन टेलिव्हिजन' या केंद्राच्या पहिल्याच दिवशी प्रक्षेपित झाली. ती घड्याळांची होती आणि तिने वेळ सांगितली. पण या माध्यमाने जाहिरातीचे रूप खऱ्या अर्थाने बदलले ते मालिकांमुळे. तेझुका ओसामु याची 'तेत्सुवान आतोम' ही यंत्रबालकाची ॲनिमेशन मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. तिची पुरस्कर्ती मिठाईची कंपनी होती, आणि त्या कंपनीच्या चॉकलेटबरोबर नायकाची चित्रे असलेले स्टिकर मुलांना मिळत. त्याच वर्षीच्या 'तेत्सुजिन २८' या मालिकेच्या गीताचा शेवटच पुरस्कर्त्या कंपनीचे नाव तीनदा उच्चारून होत असे. लपवाछपवी येथे काहीच नाही. नाव तर गाऊनच सांगितले जाते. परंतु ऐकणारा सहा वर्षांचा आहे. नायकाचे पराक्रम आणि मिठाईचे नाव त्याच्या मनात एकाच चालीवर बसतात. तेव्हा उघडपणा ही सचोटीची आवश्यक अट असली तरी ती पुरेशी अट नव्हे, हे येथे मान्य करावे लागते. ऐकणाऱ्याला भेद करता येत असेल तरच उघडपणाला अर्थ राहतो.

प्रौढांसाठी केलेल्या पुढील मालिकांत मात्र ही कला परिपक्व झालेली दिसते. प्रारंभी उल्लेखिलेला पांढरा कुत्रा 'सॉफ्टबँक' कंपनीच्या २००७ पासूनच्या जाहिरातींतील. कंपनीच्या योजनेचे नाव 'व्हाइट', म्हणजे पांढरे. तिच्यात एका कुटुंबातील माणसांना परस्परांशी विनामूल्य बोलता येत असे. म्हणून कुटुंबाचे नाव 'शिरातो', ज्याच्या पहिल्या अक्षराचा अर्थ पांढरा. म्हणून पिताही पांढरा. आई व मुलगी जपानी, मुलाची भूमिका करणारा नट कृष्णवर्णीय अमेरिकन, आणि पिता कुत्रा. हे असे का, याचा खुलासा कोणी करीत नाही. विचित्रता येथे एका शब्दश्लेषातून तर्कशुद्ध रीतीने निघालेली आहे, आणि खुलासा न करण्याचा संयम हेच तिच्या विनोदाचे मर्म आहे. बोलणारा कुत्रा अगदी जुन्या वळणाच्या कर्त्या पुरुषाच्या भारदस्त आवाजात बोलतो. पित्याच्या अधिकाराचा आवाज तेवढा शिल्लक राहिला असून देह मात्र पाळीव प्राण्याचा झाला आहे, असा उपरोध त्यात कोणी वाचला तर त्याला चूक म्हणता येणार नाही.

'बॉस' या डबाबंद कॉफीसाठी २००६ पासून चाललेली परग्रहवासी जोन्सची मालिका याहून खोल आहे. हा हेर पृथ्वीचे निरीक्षण करण्यासाठी येतो आणि दर खेपेस निराळा पेशा पत्करतो : कधी बांधकामावर, कधी गाडीवर, कधी दुकानात. त्याचा चेहरा दगडासारखा निर्विकार. त्याचे अहवाल कोरडे. माणसे निरर्थक गोष्टींसाठी धडपडतात, वरिष्ठांपुढे वाकतात, कारण नसता क्षमा मागतात, असे तो नोंदवितो. आणि अखेरीस काही तरी क्षुल्लक दिसते, एखादे दृश्य, एखादा कष्टाचा क्षण. आणि त्याच्या अहवालाचा सूर थोडासा हलतो. कॉफीचा डबा त्या क्षणी हातात असतो इतकेच. डबाबंद कॉफी हे मुख्यत: कामाच्या मधल्या विसाव्यात, रस्त्याकडेच्या यंत्रातून विकत घेऊन प्यावयाचे पेय आहे. श्रमाचे जग बाहेरून पाहणारा व श्रम करीत करीतच ते समजून घेणारा परका माणूस ही कल्पना त्या पेयाशी अंतर्यामी जुळलेली आहे. अंकल टोरिस आणि हा परग्रहवासी एकाच कुळातील होत. दोघेही कष्टकऱ्याला 'तू मोठा होशील' असे सांगत नाहीत. 'तुला कोणी तरी पाहिले आहे' एवढे सांगतात. या सांत्वनाचा दर एका डब्याच्या किमतीइतका आहे, हे खरे. पण तो दर उघड लिहिलेला आहे.

या उघडपणाचे टोक २०११ मधील 'टायगर अँड बनी' या ॲनिमेशन मालिकेत गाठले गेले. तीतील अतिमानवी वीर गुन्हेगारांना पकडतात ते दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमासाठी; त्यांना गुण मिळतात, आणि त्यांच्या चिलखतांवर पुरस्कर्त्या कंपन्यांची बोधचिन्हे असतात. ही बोधचिन्हे खऱ्या कंपन्यांची आहेत. एका बाजूने पाहिले तर शौर्यही पुरस्कर्त्यावाचून चालत नाही अशा समाजाचे हे विडंबन. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्याच पुरस्कर्त्यांची ही जाहिरात. सानबाने कथेत दडविलेली बाटली येथे नायकाच्या छातीवर लावलेली आहे. गेन्नाईच्या पत्रकातील पेच अडीचशे वर्षांनी पुन्हा समोर उभा राहतो : कबुली हीच करमणूक, आणि करमणूक हीच विक्री.

५

येथवरच्या विवेचनावरून जपानी जाहिरातकलेचा इतिहास निव्वळ आनंदाचा आहे असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. हानामोरी यासुजी याचे चरित्र या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारे आहे. हा उमद्या हाताचा आरेखक व लेखक सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती करीत असे. १९४१ नंतर तो 'ताइसेई योकुसानकाई' या राजसत्तेच्या राष्ट्रीय संघटनेच्या प्रचारविभागात काम करू लागला. भुकटी विकताना साधलेले शब्दांचे व अक्षरांचे कसब युद्धाच्या सेवेला लागले. प्रभूची आज्ञा कांतेच्या मुखाने वदविली गेली, आणि ऐकणाऱ्याला ती आज्ञा आहे हेही जाणवू नये अशी योजना झाली. मम्मटाने तीन प्रकार निराळे सांगितले. त्यांपैकी दोहोंचे असे बेमालूम मिश्रण झाले की काय होते, हे त्या वर्षांनी दाखविले.

युद्धानंतर १९४८ मध्ये हानामोरीने ओहाशी शिझुको हिच्यासह गृहजीवनाला वाहिलेले एक मासिक काढले. तेच पुढे 'कुराशी नो तेचो' या नावाने प्रसिद्धीस आले. त्यात बाहेरची एकही जाहिरात घ्यावयाची नाही, असा नियम होता. १९५० नंतरच्या दशकात या मासिकाने बाजारातील वस्तू स्वत: वापरून, तपासून त्यांचे निष्कर्ष छापावयास प्रारंभ केला. ज्याला मन वळविण्याच्या कलेचे सामर्थ्य आतून ठाऊक होते त्याने ती कला आपल्या पानांतून हद्दपार केली. जपानी जाहिरातीवरची ही सर्वांत कठोर टीका होय, आणि ती एका जाहिरातकारानेच केलेली आहे.

काइको ताकेशीने दुसरा मार्ग चोखाळला. व्हिएतनाममधील युद्ध प्रत्यक्ष पाहून आल्यावर, युद्धविरोधी नागरिकांनी वर्गणी जमवून अमेरिकन वृत्तपत्रात पूर्ण पानाची जाहिरात द्यावी, अशी सूचना त्याने पुढे मांडली. ती १६ नोव्हेंबर १९६५ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाली. बाटली विकणाऱ्याने विकत घेतलेल्या जागेत शांततेचे आवाहन छापविले. हानामोरीने जाहिरातीचा त्याग केला. काइकोने तिचे प्रयोजन बदलले. परंतु एक गोष्ट दोघांना समान आहे : बोलणारा कोण व तो कशासाठी बोलत आहे, हे वाचकाला कळलेच पाहिजे.

हा आग्रह जपानी कायद्यात पुरतेपणी उतरावयास बराच काळ जावा लागला. अवाजवी बक्षिसे व दिशाभूल यांना आळा घालणारा कायदा १९६२ मध्ये झाला. पण आपण जाहिरात आहोत हे दडवून केलेली जाहिरात त्या कायद्याखाली दिशाभूल म्हणून गणली जाऊ लागली ती १ ऑक्टोबर २०२३ पासून. लोकप्रिय व्यक्तींनी पैसे घेऊन सहज मत दिल्यासारखे दाखवावे आणि चाहत्यांनी ते खरे मानावे, या व्यवहाराला या निर्बंधाची पार्श्वभूमी आहे. सानबाच्या स्नानगृहातील संभाषणांपासून हा प्रश्न जिवंत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

६

वरील विवेचनातून टीकाकाराला दोन कसोट्या हाती लागतात. पहिली कलेची : मालाचे नाव काढून घेतले तर मागे काही उरते काय? उइरोच्या फेरीवाल्याचे भाषण उरते, अंकल टोरिसचा थकवा उरतो, परग्रहवासी जोन्सची निर्विकार करुणा उरते. मिठाईचे नाव तीनदा गाणारी ओळ मात्र मिठाईबरोबरच संपते. दुसरी कसोटी सचोटीची : मालाचे नाव झाकून ठेवले आहे काय, आणि ऐकणाऱ्याला ते ओळखण्याची शक्ती आहे काय? पहिल्या कसोटीला उतरणारी कृती दुसरीला उतरेलच असे नाही. किंबहुना पहिलीत ती जितकी श्रेष्ठ, तितकी दुसरीची गरज अधिक. कारण रस जितका उत्कट तितका वाचक बेसावध.

जपानी जाहिरातींची विचित्रता या दृष्टीने पाहिली तर तिचा एक निराळा अर्थ ध्यानात येतो. बोलणारा कुत्रा, परग्रहावरचा मजूर, बोधचिन्हे मिरविणारा वीर हे सारे इतके उघड खोटे आहेत की त्यांना कोणी खऱ्या जगाची साक्ष समजणार नाही. अतिशयोक्ती येथे फसवणुकीचे साधन नसून फसवणुकीविरुद्धची खूण ठरते. ज्या जाहिरातीकडे पाहताच ती जाहिरात आहे हे कळते, ती प्रौढ वाचकाला त्याचे स्वातंत्र्य परत देते. धोका आहे तो विचित्र जाहिरातीचा नव्हे. जी अगदी साधी, स्वाभाविक आणि मित्राच्या बोलण्यासारखी वाटते, तिचा आहे. आपण विकतो ती सुगंधी वाळू आहे असे दुकानदाराच्या तोंडून वदविणाऱ्या गेन्नाईला हे पुरते ठाऊक होते.